कॅनॉलच्या कडेची भाजी

आक्का जाऊन चार महिने झाले. दुपारचा चहा झाला की मी वही घेऊन बसतो आणि दोन-चार ओळी लिहितो. एखाद्या दिवशी एकच. माणूस गेल्यावर त्याचे चांगले गुण सांगायची पद्धत आहे. मी तिचे गुण आठवायला बसलो की मला हसू येतं, कारण तिच्या हातून झालेल्या प्रत्येक चांगल्या कामाच्या आधी तिनंच घातलेला एखादा गोंधळ असे. त्यातला सगळ्यात मोठा तणनाशकाचा. तो सुरुवातीपासून लिहितो.

आक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर आळेफाट्याच्या पुढं, पिंपरी पेंढारच्या बाजूला, कॅनॉलला चिकटून असलेलं एक गाव. मी घोडेगावला हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि खोली घेऊन एकटा राहायचो. सुट्टी लागली की मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशा एसट्या बदलत तिच्याकडे जायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ग्रामपंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या होत्या आणि आक्का सदस्य झाली होती. आजूबाजूच्या गावांत सदस्यबाईच्या जागी तिचा नवरा मिटिंगला बसे. आमच्या दाजींना मात्र मिटिंगचा मनापासून कंटाळा. "तिथं जाऊन काय करायचं? च्या बी गार असतोय," असं म्हणून ते रानात निघून जात. त्यामुळे आक्का स्वतः जाई. पहिले सहा महिने ती डोक्यावरचा पदर सारखा करत गप्प बसली. सही तेवढी झोकात करायची.

सातव्या महिन्यात ती पहिल्यांदा बोलली. विषय होता काँग्रेस गवताचा. पुस्तकात त्याला गाजरगवत म्हणतात. आमच्याकडे कुणी म्हणत नाही. शाळेभोवती, देवळामागं, स्मशानाच्या वाटेला आणि कॅनॉलच्या दोन्ही कडांना ते कमरेएवढं माजलं होतं. त्याच्या पांढऱ्या फुलांनी दाजींच्या मानेला चट्टे उठत आणि ते सकाळी अंथरुणातून उठताना पंधरा-वीस शिंका देत. आक्का शेजारच्या बायकांना सांगायची, "आमच्याकडं कोंबड्याची गरज न्हाई." तर गणपतीच्या आधी गाव स्वच्छ करायचं कसं यावर सगळे एकमेकांकडे बघत होते, तेव्हा ती म्हणाली, "फवारा की. कांद्याच्या बांधावर मारत्यात तसलं औषिद मारा." सगळ्यांना ते पटलं. ठराव झाला, आक्कानं झोकात सही केली आणि घरी येऊन दाजींना बजावलं, "आता शिंकायचं असलं तर सरपंचाला विचारून शिंका."

मी पोचलो तो हरतालिकेचा दिवस. फवारणी आदल्या दोन दिवसांत उरकली होती. गल्लीत बांगडीवाली चाची टोपलं घेऊन दारोदार बसत होती आणि आक्काच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. पण दाराशी दाजी चप्पल घालून घाईत उभे. फवारणी करणारा माणूस सकाळपासून ओकत होता. डोळे लाल, पाठीवर भाजल्यासारखा पट्टा. दाजींनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मी मागं बसून त्याला धरलं आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "पाण्यात मिसळताना ढवळलं कशानं?"

"हातानं," तो म्हणाला. "कोपरापस्तोर हात घातला की चांगलं मिसळतंय."

"आणि पंप गळत होता का?"

"गळायचाच. दर साली गळतोय."

"अंगावर काय होतं?"

"बनेन व्हतं की!" तो जरा दुखावून म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला नळाखाली बसवून साबणानं खसाखसा धुवायला लावलं, डोळे धुतले, कपडे बदलायला लावले. मग म्हणाले, "औषध कुठलं ते मला बघायचंय. कॅन आणा." मी दाजींच्या मागं बसून पुन्हा गावात आलो. कॅन सापडला तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, स्टुलावर मांडलेला, शेजारी पालथा घातलेला स्टीलचा पेला. कारकुनानं तो तीनदा विसळून गणपतीत येणाऱ्या लोकांसाठी पिण्याच्या पाण्यानं भरून ठेवला होता. मी ते पाणी ओतलं तेव्हा त्याला वाईट वाटलं. "सर, झाकण घट्ट बसतंय त्याचं, असला कॅन पुन्ना मिळायचा न्हाई." कुणी प्यालं का, असं विचारल्यावर म्हणाला, पहिला पेला सरपंचांना द्यायचा म्हणून तो थांबला होता. सरपंच त्या दिवशी मंडपाच्या कामात अडकले म्हणून वाचले.

कॅनच्या बुडाला चिकटवलेली घडीची एक चिठ्ठी होती. मला कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. भेळेचा कागदही मी उलगडून वाचतो. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ती सगळी वाचली. मुंगीएवढ्या अक्षरांत मराठीही होतं. हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, रिकामा डबा वापरू नका, आणि शेवटी, फवारलेल्या जागी काही दिवस जनावरं चरायला सोडू नका. डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली, फवारणाऱ्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि म्हणाले, "हा बरा होईल. पण गुरं नका सोडू तिकडं."

घरी येऊन हे मी आक्काला सांगितलं. ती दारात बसून परवाच्या पंचमीसाठी वरीचे तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"गुरं न्हाई सोडायची," ती सावकाश म्हणाली. "आन बाया?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ऋषिपंचमीला आमच्याकडच्या बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या, कुळवलेल्या रानातला एक दाणा किंवा पान चालत नाही. म्हणून त्या दिवसाची भाजी न नांगरलेल्या जागेतून खुडून आणायची. तांदुळजा, कुर्डू, चिवळ, पाथरी. आणि आक्काच्या गावात न नांगरलेली जागा म्हणजे शाळेची कड, देवळामागचं पटांगण आणि कॅनॉलचे काठ. चांगल्या घरच्या बायका वर्षभर रानातली मेथी-कांदापात खात. त्या एका दिवशी सगळं गाव नेमकं तिथलं खाई. आणि तिथंच आक्काच्या सहीनं दोन दिवस पंप फिरला होता.

आम्ही दोघं कॅनॉलवर गेलो. मला वाटलं होतं सगळं करपलेलं असेल. पण भाजी हिरवीगार, पानं टवटवीत, उलट पावसाच्या भुरभुरीनं धुऊन निघालेली. हे औषध पान लगेच जाळत नाही, मुळापर्यंत उतरून आठवड्यानं वाळवतं, हे चिठ्ठीतच लिहिलं होतं. आक्का काठावर उकिडवी बसून बघत राहिली.

"हे बघून कोण माझं ऐकंल?" ती म्हणाली. "उद्या चतुर्थी. परवा दिस उगवायच्या आत बाया इथं असत्याल."

संध्याकाळी फवारणाऱ्याला आणायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सरळ विचारलं, असली भाजी खाल्ली तर काय होईल. ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, "एका जेवणानं लगेच काही होईल असं मी म्हणत नाही. होणार नाही असंही लिहून देणार नाही. किती मारलंय, किती मिसळलंय, कुणाला ठाऊक? पोटुशी बाई असेल तर तिला तरी मी ते ताट पुढं करू देणार नाही." पुढच्या काळात मी या विषयावर हाती येईल ते वाचलं. कुणी म्हणतं, नीट वापरलं तर धोका कमी. कुणी म्हणतं, वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. त्या 'नीट वापरलं तर'पाशी मी दरवेळी अडखळतो. आक्काच्या गावात नीट म्हणजे कोपरापर्यंत हात.

पोटुशी बाई गावात होती. सरपंचांची सून, पहिलटकरीण, सातवा महिना. आक्कानं ते ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

सरपंच मंडपात मूर्तीची जागा ठरवत होते. "वैनी, सणाच्या तोंडावर इषाचं नाव कशाला घेता?" ते म्हणाले. "लोक म्हणत्याल पंचायतीनं गावाला औषिद पाजलं."

"पाजलंच असतं. पयला पेला तुमचाच व्हता," आक्का म्हणाली आणि कॅनची गोष्ट सांगितली.

सरपंचांनी नकळत ओठ पुसले. पण माईकवरून सांगायला ते तयार होईनात. तेव्हा आक्कानं गाणं लावणाऱ्याला थांबवलं आणि स्वतःच माईक हातात घेतला. आधी बराच वेळ नुसती तिच्या बांगड्यांची किणकिण गावभर ऐकू आली. मग आवाज आला, "मी अमक्याची आक्का बोलतीया." नाव सांगायची गरज नव्हती. "कॅनॉलच्या, साळंच्या, देवळाच्या कडंला औषिद मारलंय. ठराव माझा व्हता. सही बी माझी. पंचमीला तिथलं पान तोडू नका. चुकलं माझं. भाजीचं मी बघते." आणि माईक चालूच ठेवून म्हणाली, "हे बंद कुठनं करायचं?"

आम्ही घराकडं निघालो, तर तिसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत लोकांची उत्तरं तयार होती. "भाजीचं बघते म्हंजी काय, उगवती का काय?" "आक्का, पान तर हिरवंगार हाय, मी आत्ताच बघून आले." "पंचमी मोडायची का मंग आमी?" आक्का सगळ्यांना एकच सांगत होती, परवा सकाळी देवळात या. खरं तर तिला स्वतःलाच माहीत नव्हतं काय करायचं. रात्री उपासाचा फराळही तिनं अर्धवट ठेवला. मी सुचवलं, पहाटेच्या गाडीनं घोडेगावला जातो, डोंगरातल्या गावांतून भाजी घेऊन येतो. ती म्हणाली, "सणाच्या दिवशी तुझी एसटी येस्तोवर बाया कॅनॉलवर पोचत्याल."

वाट काढली ती बांगडीवाल्या चाचीनं. चाची आक्काच्या दोन घरं पलीकडं राहायची. चतुर्थीच्या सकाळी ती आपणहून आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुमच्या ऋषीला परसातलं चालतंय का? हातानं खुरपलेलं, बैल न लागलेलं?"

"चालतंय की," आक्का म्हणाली. "पर कुणाच्या परसात किती आसंल?"

"मला समदं ठावं हाय. आठ दिवस झालं मी दर घराच्या मागल्या दारी बसून बांगड्या भरतीया. बाया पुढं इज्जत ठेवत्यात, मागं भाजी." आणि तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. कुणाच्या न्हाणीमागं आळू, कुणाच्या छपरावर लाल भोपळा, कुणाच्या कुंपणाला दोडके, कोण अंबाडी लावून शेजारणीला सांगत नाही. "आन माझ्याकडं माठ हाय. त्यो घेशील का न्हाई, तू बघ."

"तुझ्या परसात बैल शिरलाय का कदी?" आक्कानं विचारलं.

"बैल? तिथं मी आडवी जाती."

"मंग सगळ्यांत आदी तुझाच."

त्या दिवशी घराघरांत गणपती बसत होते आणि ह्या दोघी पाटी घेऊन मागल्या दारांनी फिरत होत्या. मी पाटी उचलायला. अंबाडीवाली आधी म्हणाली, अंबाडी नाही. चाची भिंतीला टेकून शांतपणे म्हणाली, "बया, बांगड्या भरताना माझी नजर तुझ्या मनगटावरच असती असं वाटलं का तुला?" अंबाडी मिळाली. भोपळा छपरावरून मला उतरवावा लागला आणि दोन कौलं फुटली, त्या घरची बाई म्हणाली, "सर, शाळंत बी असंच शिकवता का?" दिवस मावळेपर्यंत आक्काच्या पडवीत भाजीचा ढीग लागला. दाजींनी त्याच्याकडे बघून शिंक दिली आणि चटकन म्हणाले, "सरपंचाला विचारलं न्हाई."

पंचमीच्या सकाळी देवळात वाटे घातले. प्रत्येक घराला थोडं आळू, थोडा माठ, भोपळ्याची फोड, दोडका, दोन मक्याची कणसं. भांडणं झाली, पण भाजीवरून नव्हे, फोडीच्या जाडीवरून. आक्का घरं मोजत होती. शेवटी एक वाटा उरला.

"सरपंचाचा," चाची म्हणाली.

सरपंचांच्या आईला आक्का आत्याबाई म्हणायची. त्या गावातल्या सगळ्यात जुन्या बाई. भाजी खुडायला सगळ्यांच्या आधी जायचा त्यांचा बाणा. माईकवरचं त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि तरी चतुर्थीच्या पहाटे कॅनॉलवरून पाटीभर चिवळ आणि तांदुळजा आणला होता. आम्ही वाटा घेऊन पोचलो तेव्हा भाजी शिजून चुलीवरून उतरली होती. सून पाटावर बसलेली, पुढं ताट, पोटामुळे जरा मागं रेललेली. सरपंच दारात उभे, आईपुढं बोलायची सोय नाही अशा चेहऱ्यानं.

"आत्याबाई, ही भाजी नगा वाढू," आक्का म्हणाली.

"का? तू माईकवर बोलली म्हून? माझी पन्नास पंचम्या झाल्या त्याच कडंच्या भाजीवर. तवा तुझा ठराव नव्हता आन तू बी नव्हती."

"तवा औषिद बी नव्हतं."

"तीन पाण्यांनी धुतली. मीठ लावून धुतली."

"कॅन बी तीनदा धुतला व्हता."

"हिरवीगार व्हती गं! मेलेलं पान मला कळत न्हाई व्हय?" त्यांनी डाव भरला आणि सुनेच्या ताटाकडे नेला.

मी डॉक्टरांचं बोलणं सांगायला तोंड उघडलं. त्याआधी आक्का पुढं झाली, सुनेच्या शेजारी मांडी घालून बसली आणि ते ताट स्वतःपुढं ओढलं. "मंग मला वाढा," ती म्हणाली. "सही माझी, तर पयला घास माझा. मला सांजच्यापस्तोर बघा. नीट ऱ्हायले तर उद्या हिला वाढा." डाव हवेत थांबलेला बघून तिनं स्वतःच पातेल्यात हात घातला, चांगला मूठभर घास घेतला आणि तोंडाकडे नेला. ती नाटक करत नव्हती. मी तिचा भाऊ, मला तिचा चेहरा ओळखता येतो.

आत्याबाईंनी तिच्या हातावर सणसणीत फटका मारला. भाजी भुईवर सांडली. "सणाच्या दिवशी माझ्या घरात येऊन मरायचं न्हाई!" त्या ओरडल्या. मग त्यांनी पदरानं आक्काची बोटं पुसली, एकेक करून, लहान पोराची पुसतात तशी. उठल्या, पातेलं उचललं आणि लेकाला म्हणाल्या, "खड्डा घे मागं. खोल घे. कुत्र्यालाबी सापडाया नगं." सरपंच इतक्या चटकन फावडं आणायला धावले की सुनेला हसू आवरेना.

मग आळू चिरलं गेलं. आळवाची खाज मारायला लागणारी चिंच कमी पडली, कारण वाटे घालताना चिंच मोजायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आत्याबाईंनी आक्काला उठू दिलं नाही, सुनेशेजारीच जेवायला बसवलं. मला परका पुरुष म्हणून ओट्यावर निराळं ताट. तिथूनही मला आत्याबाईंचा आवाज ऐकू येत होता.

"काय गं हे आळू! घसा नुसता धरलाय. तुझ्या औषिदानं मेले न्हाई, ह्यानं मारशील."

"गूळ खावा, आत्याबाई."

"गूळ बैलाच्या उसाचा. तेवढं बी कळंना व्हय तुला, म्हणं सदस्य!"

सून हसत होती आणि खात होती. तिनं दुसऱ्यांदा भोपळा मागून घेतला.

आठ दिवसांनी कॅनॉलची कड पिवळी पडली, मग तपकिरी. तेव्हा कुठं गावाचा आक्कावर विश्वास बसला. पुढच्या मिटिंगला तिनं आपलाच ठराव रद्द करायला लावला. गावकीच्या जागेतलं गवत फुलायच्या आधी हातानं उपटायचं, प्रत्येक घरातून एक माणूस, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, अंगात बाह्यांचा सदरा. फवारणाऱ्याची पाठ बरी झाली होती. पिशव्या कशा बांधायच्या ते सगळ्यांना तोच दाखवायचा. दुसऱ्या वर्षी आषाढात मी गेलो तेव्हा कॅनॉलच्या काठावर सगळं गाव ओणवं झालं होतं. आत्याबाई बाजेवर बसून देखरेख करत होत्या, मांडीवर नातसुनेची आठ महिन्यांची गुबगुबीत लेक. सरपंचांनी एक रोप मुळाशिवाय नुसतं वरून तोडलं.

"मुळासकट!" त्या ओरडल्या. "आन तांदुळज्याला हात लावशील तर बघ."